अँटिव्हायरस हवा, पावती नको

सोलापुरात नव्या पेठेत किंवा सात रस्त्याला लॅपटॉप घ्यायला गेलं की बिलात बॅग आणि माऊसच्या जोडीला अँटिव्हायरस आपसूक येऊन बसतो. गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "असू द्या ओ साहेब. नेट वापरणार ना? मग पाहिजेच." वर्षाने मुदत संपते, स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते, घरातलं कुणीतरी घाबरतं आणि पुन्हा पैसे भरले जातात. जुळे सोलापुरातल्या शिक्षकापासून अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यापर्यंत सगळीकडे हाच प्रकार.

घरातल्या विंडोज कॉम्प्युटरला अँटिव्हायरस लागतो, याबद्दल माझा वाद नाही. तो विकत घ्यावा लागतो ही समजूत मात्र आता जुनी झाली. तो डिफेंडर या नावाने विंडोजबरोबरच आलेला असतो, चालू असतो आणि बहुतेक घरांना पुरतो. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. फुकट मिळालेला हा पहारा आपण आपल्या हाताने बंद करतो किंवा मेकॅनिककडून बंद करून घेतो, आणि मग विकतच्या पावतीवर भरवसा ठेवून निर्धास्त झोपतो.

ही सवय लागली त्यामागे कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. आयबीएम पीसीवरचा तो पहिला व्हायरस मानला जातो. २६ एप्रिल १९९९ ला 'चेर्नोबिल' या नावाने गाजलेल्या सीआयएच व्हायरसने हार्ड डिस्कवरचा डेटा तर पुसलाच, शिवाय कित्येक मशिनींच्या मदरबोर्डवरची, मशीन सुरू करून देणारी बायोस चिपही निकामी केली. त्याच दशकात पुण्यात कैलास काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. आधी रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करत त्यांनी हात बसवला होता. गिऱ्हाइकांच्या मशिनी व्हायरसने बंद पडून पुन्हा पुन्हा येतात हे पाहून धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. महाराष्ट्रातल्या घराघरांत अँटिव्हायरस हा शब्द पोहोचवण्याचं श्रेय मी या दोन भावांना देतो. त्या काळात मलाही कुणी विचारलं असतं, तर मी 'घ्या' असंच सांगितलं असतं.

पेनड्राईव्हचा जमाना आला तेव्हा तर पर्यायच नव्हता. कॉलेजांच्या आसपासची झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं आठवा. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी दहा मुलं रांगेत, दहा पेनड्राईव्ह एकाच मशिनीत. घरी येऊन बघावं तर फोल्डरच्या जागी बाणाचं चिन्ह असलेला शॉर्टकट. मूळ फोल्डर कुठे गेलेला नसायचा, व्हायरसने तो नुसता लपवलेला असायचा. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'अॅट्रिब'ची एक ओळ टाईप केली की प्रोजेक्ट रिपोर्ट जसाच्या तसा पुन्हा दिसायला लागायचा. या एका ओळीवर काही पोरांनी त्या काळी बऱ्यापैकी पॉकेटमनी कमावला. माझी तक्रार नाही, विद्या ती विद्या. मुळात दोष विंडोजचा होता : पेनड्राईव्ह लावला की आतला प्रोग्राम ती आपणहून चालवायला घ्यायची. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही हा प्रकार थांबवणारं अपडेट सोडलं, आणि पेनड्राईव्हच्या साथीचं कंबरडं तिथून मोडत गेलं. ते अँटिव्हायरसने मोडलं नाही, खिडकीच बंद केल्याने मोडलं, एवढं लक्षात ठेवा. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' नावाचा अँटिव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा तो डिफेंडर या नावाने विंडोजच्या आतच बसवला गेला. सुरुवातीची काही वर्षं तो यथातथाच होता, आणि 'डिफेंडर म्हणजे काही खरं नाही' हे मत त्या काळातलं आहे. मत बनवणारे मेकॅनिक तेच राहिले, त्यामुळे मतही राहिलं. प्रॉडक्ट मात्र सुधारलं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था सगळ्या अँटिव्हायरसच्या नियमित परीक्षा घेते, आणि तिथे डिफेंडर आता बरीच वर्षं विकतच्या नामांकितांच्या पंगतीला बसतो आहे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुम्ही दुसरा अँटिव्हायरस टाकलात की डिफेंडर बाजूला होतो. म्हणजे पैसे भरून तुम्हाला दुप्पट पहारा मिळत नाही, पहारेकरी बदलून मिळतो. नव्या लॅपटॉपबरोबर तीस दिवसांचा किंवा वर्षाचा नमुना म्हणून आलेला अँटिव्हायरस मुदत संपल्यावर 'रिन्यू करा' म्हणून किरकिर करत बसतो आणि लोक त्याला तसाच राहू देतात. तो अनइन्स्टॉल करून मशीन एकदा बंद-चालू केलं, की डिफेंडर आपण होऊन कामाला लागतो.

विकतच्यांत काहीच जास्त नसतं असं मी म्हणत नाही. मुलांच्या वापरावर लक्ष, बँकेच्या व्यवहारासाठी वेगळी खिडकी, पासवर्ड सांभाळणारं कपाट असं बरंच काही येतं. पण यातल्या बहुतेक गोष्टी घरात कुणी एकदाही उघडलेल्या नसतात. खरोखर महत्त्वाचा फरक एकच आहे. डिफेंडरची बरीचशी ताकद इंटरनेटपलीकडच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे, त्यामुळे नेट नसेल तर तो लंगडा पडतो. ज्या मशिनीला नेट क्वचित आणि पेनड्राईव्ह दिवसभर लागतात, तिथे विकतचा अँटिव्हायरस घेण्यात शहाणपणा आहे. असं मशीन आज घरात सापडत नाही, झेरॉक्सच्या दुकानात सापडतं.

'ज्या कंपनीची विंडोज भोकं पडलेली, तिच्याच अँटिव्हायरसवर विश्वास कसा ठेवायचा?' हा प्रश्न नेहमी येतो. प्रश्नात दम आहे, पण त्याचं टोक उलट्या दिशेला वळतं. भोक बुजवायचं काम अपडेटचं आहे, अँटिव्हायरसचं नाही. १२ मे २०१७ ला फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि इंग्लंडमधली इस्पितळं ठप्प झाली, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट येऊन जवळपास दोन महिने झाले होते. १४ मार्चला ते आलं होतं. ज्यांनी घेतलं ते वाचले. ज्यांनी 'अपडेट आलं की मशीन स्लो होतं' म्हणून बंद करून ठेवलं होतं, ते सापडले. त्यानंतर जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल थंडावलं. सोलापूरचे टॉवेल ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे बंदर. तो हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झाला होता. अशा मोठमोठ्या कंपन्यांकडे पैसे मोजून घेतलेली संरक्षणाची सगळी साधनं असतात. तरी व्हायचं ते झालं.

आता आपल्या गावाकडे येऊ. पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना असलेल्या एका परिचितांनी एके सकाळी फोन केला, "टॉवेलचा सगळा हिशेब गेला, लगेच या." घरातल्याच कॉम्प्युटरवर टॅली, त्यावरच मुलीच्या लग्नाचे फोटो, त्यावरच मुलाचा अभ्यास. जाऊन बघितलं तर प्रत्येक फाईलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. टॅलीचा डेटा उघडेना, फोटो उघडेनात. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाईल, आणि तीत इंग्रजीत निरोप : किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९० डॉलर. जणू गणपतीतला डिस्काउंट! ही 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाने ओळखली जाणारी रॅन्समवेअरची, म्हणजे खंडणीखोर व्हायरसची जात. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ती फारशी जात नाही. तिची शिकार म्हणजे घरगुती कॉम्प्युटर.

कशी आली? इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर 'फुल व्हर्जन, फ्री' म्हणून उतरवलं होतं. झिप फाईलला पासवर्ड लावलेला होता. तो पासवर्ड काही गुपित म्हणून नसतो. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून असतो. आत सूचनांची फाईल होती आणि तीत पहिलीच सूचना : 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा.' मुलाने बंद केला. आता गंमत अशी, की या घरात विकतचा, नामांकित अँटिव्हायरस होता आणि त्याची मुदत संपायला अजून बराच अवकाश होता. भरलेली पावती टेबलाच्या खणात जपून ठेवलेली होती. पण मालकाच्याच पोराने पहारेकऱ्याला 'तू जरा चहा पिऊन ये' म्हटल्यावर तो काय करणार?

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट कंपनीने या जातीच्या १४८ प्रकारांसाठी फाईली सोडवणारं साधन फुकट उपलब्ध केलं होतं, पण नव्या प्रकारांत प्रत्येक मशिनीसाठी वेगळी किल्ली हल्लेखोरांच्या सर्व्हरवर तयार होते आणि तिथे ते साधन हात टेकतं. इथेही टेकले. हिशेब सीएकडे मागच्या रिटर्नच्या वेळी दिलेल्या कॉपीवरून उभा करावा लागला, त्यानंतरची बिलं वहीवरून पुन्हा चढवली. फोटो गेले. पैसे भरू नका असं मी सांगितलं आणि त्यांनी भरले नाहीत, कारण भरून किल्ली मिळेलच याची हमी कुणाच्या बापाची नसते.

या घराला दुसरा, आणखी महाग अँटिव्हायरस असता तर काय झालं असतं? तोही बंद झाला असता. पाचेक हजारांची बाहेरची हार्ड डिस्क असती, तीवर आठवड्याला टॅलीचा बॅकअप आणि महिन्याला फोटो जात असते, आणि काम झाल्यावर तिची वायर काढून ती कपाटात ठेवलेली असती, तर तो दिवस एका फॉरमॅटवर भागला असता. वायर काढायचीच. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला दिसते आणि तीही तो कुलूपबंद करतो. चार-पाच वर्षांच्या अँटिव्हायरसच्या पावत्यांची बेरीज करा, तेवढ्यात ही डिस्क येते. मुलांसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेलं वेगळं खातं काढायला तर पैसाही लागत नाही. पण ते कोणी विकत नाही, म्हणून कोणी सुचवतही नाही.

क्रॅकचा, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेल्या सॉफ्टवेअरचा हा रोग एका पोरापुरता नाही, आणि त्याला बोल लावून आपण सुटत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात कोरल ड्रॉ कुठलं असतं, चादरीचं डिझाईन काढणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर कुठून येतं, घरी बसून अकाउंट लिहिणाऱ्या ताईंच्या मशिनीत ऑफिस कुणी टाकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. यंत्रमागाच्या धंद्यात दोन पैसे सुटायची मारामार असताना हजारोंची लायसन्स घ्या म्हणून उपदेश करणं मला जमणार नाही. पण किंमत कुठे चुकवली जाते ते तरी डोळे उघडे ठेवून बघावं. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडरला गप्प करावं लागतं, आणि मेकॅनिक ते करून देतो.

तुमच्या मशिनीत बघायचं असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज. पानाच्या तळाशी एक्सक्लूजन्स सापडेल. ज्या फोल्डरकडे डिफेंडरने बघायचंच नाही त्यांची ती यादी. सामान्य घरात ती रिकामी हवी. मी पाहिलेल्या कित्येक मशिनींत तिथे एकच ओळ होती : सी ड्राइव्ह. अख्खा! म्हणजे डिफेंडरच्या खिडकीत हिरवी खूण आहे, सगळं आलबेल दिसतं आहे, आणि ज्या ड्राइव्हमध्ये विंडोज आणि सगळे प्रोग्राम राहतात तिकडे तो ढुंकूनही बघत नाही. ती ओळ काढून टाका. त्यानंतर एखादा क्रॅक बंद पडला तर पडू द्या.

यातला सगळ्यात वैताग आणणारा भाग पुढेच आहे. ब्रँडेड लॅपटॉपबरोबर बहुधा ओरिजिनल विंडोज आलेली असते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. लॅपटॉप स्लो झाला म्हणून दुरुस्तीला गेला, की 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' म्हणत वर चोरीची विंडोज आणि ती जागी ठेवणारा ॲक्टिव्हेटर चढवला जातो. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेऊन टाकली असती तर किल्ली तिची तिने उचलली असती. पैसे भरून घेतलेली वस्तू पुसायची, चोरीची लावायची, त्यासाठी डिफेंडर बंद करायचा, आणि सुरक्षित वाटावं म्हणून विकतचा अँटिव्हायरस टाकायचा. या साखळीत प्रत्येक कडीला कुणाचं ना कुणाचं बिल होतं.

विकतचे काय किंवा फुकटचे काय, अँटिव्हायरस मशिनीच्या सगळ्यात आतल्या खोलीत राहतात, आणि तिथे कुणाला राहू द्यायचं याचाही विचार लागतो. अॅव्हास्ट हा फुकट म्हणून घरोघरी गेलेला अँटिव्हायरस. लोक कुठल्या साइटवर जातात याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीतर्फे विकली जात असल्याचं २०२० च्या जानेवारीत उघड झालं, तेव्हा ती उपकंपनी बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणच शेत खातं ते असं. १९ जुलै २०२४ ला तर हल्लेखोर कुणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या स्क्रीनवर अडकल्या आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, घरगुती नव्हे. पण जास्त पहारेकरी म्हणजे जास्त सुरक्षितता हे गणित किती भाबडं आहे, ते त्या दिवशी दिसलं. गरज नसताना आतल्या खोलीत आणखी एक माणूस मी ठेवणार नाही.

आणि चोरांचं काय चाललं आहे? ते मशिनीच्या नादाला लागेनासे झालेत, माणसाच्या लागलेत. हल्ली एखाद्या साइटवर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते आणि चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगते. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली ओळ आपण तिथे चिकटवतो. ती आज्ञा असते, व्हायरस उतरवून चालवण्याची, आणि दिलेली असते आपणच. अशा वाटेने येणारे प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा खरवडून नेतात. त्यातल्या 'लुमा' नावाच्या एकाने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटर गाठल्याचं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. डिफेंडर यातलं बरंच अडवतो, विकतचेही अडवतात, आणि दोघांच्याही हातून काही निसटतं. यावर खरा उपाय फुकट आहे : कुठलीही साइट कीबोर्डवर विंडोज-आर दाबायला सांगत असेल तर ती साइट बंद करा. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना आणि पोरांना सांगून ठेवा.

पण सोलापुरातल्या घरांतून पैसा जातो तो बहुधा कॉम्प्युटरमधून जातच नाही. तो फोनमधून जातो. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, उघडायला जावं तर ती 'एपीके', म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. कधी ती आरटीओच्या दंडाची पावती म्हणून येते, कधी शेतकऱ्यांच्या योजनेचा फॉर्म म्हणून. इन्स्टॉल केली की एसएमएस तिच्या ताब्यात आणि ओटीपी पलीकडच्याच्या हातात. नाहीतर वर्दीतला कुणी व्हिडिओ कॉलवर येतो आणि निवृत्त माणसाला दोन-दोन दिवस घरातच कोंडून ठेवतो. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं, इतका तो माजला. या सगळ्यात लॅपटॉपमधला अँटिव्हायरस काय करणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातली गत.

असं झालंच तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच, म्हणून आधी नातेवाइकांना विचारत बसू नका. हा नंबर निदान सोलापूरकराला तरी वेगळा पाठ करावा लागू नये, आपल्या गावावर इंग्रजांनी लादलेल्या मार्शल लॉचं साल आहे ते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठेतरी झालेली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला सगळा पैसा तुमचा. दोन्ही बाबतींत प्रश्न घड्याळाचा आहे. बँकेचा ब्लॉक करण्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नसेल, तर हा लेख मध्येच थांबवून तेवढं करून या.

मग विकतचा अँटिव्हायरस कुणी घ्यावा? झेरॉक्सवाल्याचं वर आलंच. ज्यांच्याकडे दहा-वीस गिऱ्हाइकांची रिटर्न्स आणि डिजिटल सह्या पडून असतात अशा कर सल्लागारांच्या ऑफिसाने घ्यावा, आणि तोही ऑफिससाठी बनवलेला, एका जागेवरून सगळ्या मशिनींवर लक्ष ठेवता येईल असा. कारण तिथे एकाच्या क्लिकने दुसऱ्याचं नुकसान होतं. घरात ज्येष्ठ नागरिक एकटे असतील आणि मुलगा पुण्याहून किंवा बंगळुरूहून त्यांच्या मशिनीवर लक्ष ठेवणार असेल, तर काही विकतच्या प्रॉडक्ट्समध्ये त्याची सोय बरी असते. मशिनीत काही घुसल्याचा संशय असेल आणि नुसतं तपासून घ्यायचं असेल, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट आहेत. त्यांतलं एक क्विक हीलने दिलेलं आहे. आपल्या कराच्या पैशातून चालणारी ही सोय एकाही दुकानात कुणी मला सुचवलेली आठवत नाही.

आजच्या घडीला सोलापुरातल्या घरांपुढचा मोठा प्रश्न मात्र अँटिव्हायरसचा नाहीच, विंडोज १० चा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच धडधाकट लॅपटॉप तिला चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत ठेवली. विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवून, सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्या तर ती बिनपैशाची मिळते. डिफेंडरच्या नव्या व्हायरसांच्या याद्या मात्र विंडोज १० वर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. त्यामुळे कोपऱ्यातली खूण हिरवीच दिसणार आणि लोकांना वाटणार, चालतंय की. वॉनाक्रायमध्ये भोकं उघडी ठेवून बसलेल्यांची काय गत झाली ते वर आलंच आहे. याच काळात दुकानांतून 'विंडोज जुनी असली तरी चालेल, आमचा अँटिव्हायरस टाका' असं ऐकू येईल. तो व्यवहार करू नका. जादा मुदतीत नाव नोंदवा. ती संपल्यावर मशीन ११ वर जात असेल तर न्या. जात नसेल आणि काम फक्त ब्राउझर, ईमेल आणि मुलांच्या अभ्यासाचं असेल, तर एखादं सोपं लिनक्स, म्हणजे लिनक्स मिंट किंवा उबुंटू, त्यावर टाकून बघा. जुन्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा विंडोजपेक्षा चपळ चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. टॅली त्यावर थेट चालत नाही, म्हणून हिशेबाचं मशीन वेगळं ठेवावं लागेल. आणि ज्या मशिनीचं यातलं काहीच होणार नाही, त्यावरून निदान बँकेचे व्यवहार तरी आजपासून बंद करा.